वस्तादांचा हात

रंगनाथ वस्ताद माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते वाक्य असं होतं: "केस बांधा, नायतर मी कापतो."

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात क्वालिटी विभागात मी नुकतीच लागले होते. पहिला दिवस, नवा ड्रेस, मोकळे सोडलेले केस, आणि समोर हा आडवा माणूस. मान खांद्यात रुतलेली, कुस्तीने चुरगळलेले कान, हातात पत्रा कापायची कात्री. कात्री खरोखर उघडलेली होती. मी मुकाट्याने केस बांधले. त्यांनी मान हलवली आणि प्रेस शॉपमध्ये निघून गेले. दुपारी डबा खाताना मी शेजारच्या बाईंना म्हटलं, या माणसाची मी तक्रार करणार आहे. त्या म्हणाल्या, "वस्तादांची? मग रांगेत उभी राहा. तुझ्या पुढे बरेच जण आहेत."

ते मूळचे देवगाव रंगारीचे. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या मारल्या, गुडघा गेला, मग शहरात येऊन आमच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि वर्षांमागून वर्षं घासून प्रेस शॉपचे फोरमन झाले. त्यांना कारखान्यात सगळे वस्तादच म्हणत, म्हातारे मालकसुद्धा. पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं त्यांचं आडनाव वाचून एकदा एक कामगार म्हणाला होता, हा कोण माणूस आहे आपल्याकडे?

आमच्याकडे गाड्यांना लागणारे पत्र्याचे लहानसहान भाग बनत. प्रेस म्हणजे काय ते सांगते. खाली साचा, वर लोखंडी ठोकळा, मध्ये पत्रा. ठोकळा पडतो, पत्रा वाकतो किंवा कापला जातो. तो पाडण्यासाठी दोन हिरवी बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तळहातांनी दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे तो येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, साच्यात नसतात. इतकं ते सोपं आहे. पण त्यात वेळ जातो. म्हणून जुन्या प्रेसवर काही कामगार सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण कायमचं दाबून बांधून टाकत. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं. काम भराभर निघतं. आणि साच्यात जाणारा हात कधी आत आहे, हे प्रेसला कळत नाही.

वस्तादांचं सगळं आयुष्य त्या ट्यूबच्या पट्टीशी भांडण्यात गेलं. पट्टी दिसली की ते मारत. ओरडत नसत, समजावत नसत. मागून जात, मान धरून माणसाला मशीनपासून बाजूला ओढत आणि कानाखाली आवाज काढत. मी काचेपलीकडे बसून तयार भागांना गेज लावून मापं तपासत असे, तिथपर्यंत तो आवाज यायचा. मग ते स्वतःचा तळहात त्या माणसासमोर धरत. लालबुंद झालेला असे. "बघ, मला बी लागतंय," म्हणत. "मी मारतो म्हणून मशीन मारत नाय. मशीनला लागत नसतं."

नवा कामगार आला की आणखी एक प्रकार व्हायचा. मोईन नावाचा त्यांचा जुना सोबती शहागंजात राहायचा. चार नंबरच्या प्रेसवर काम करायचा तो, हसरा, पान खाणारा, सगळ्या कारखान्याच्या चहाच्या आवडीनिवडी पाठ असलेला. वस्ताद त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवत आणि मोईन सकाळी येताना खाटकाकडून बोकडाचा एक पाया घेऊन येई. वस्ताद स्वतः मटणाला शिवत नसत. ते तो पाया फडक्यात धरून साच्यात ठेवत, नव्या माणसाला समोर उभं करत आणि दोन्ही बटणं दाबत.

मी ते एकदा पाहिलं. हाड फुटल्याचा आवाज होतच नाही, प्रेसच्या धडाक्यात तो बुडून जातो. फक्त काहीतरी ओलं चेहऱ्यावर उडतं. नवा माणूस मागे सरकला की वस्ताद त्याच्या हातात ब्रश आणि सुपली देत. "गोळा कर. सगळं. एक तुकडा ऱ्हायला नाय पायजे साच्यात." एकजण साचा पुसता पुसता तिथेच ओकला. ते झाल्यावर वस्ताद त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजत आणि गाव, आईबाप, लग्न झालं की नाही, सगळं विचारत. त्या दिवशी मी माझा डबा तसाच घरी नेला.

हात कुणावर उचलायचा याला त्यांच्याकडे काही धरबंद नव्हता. एकदा पुण्याहून आलेला एक इंजिनिअर चालू प्रेसच्या साच्यात वाकून माप घ्यायला गेला. वस्तादांनी त्याला असा हाणला की तो पत्र्याच्या गुंडाळीवर जाऊन पडला आणि चष्मा दोन मशीन पलीकडे. मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वस्ताद म्हणाले, "साहेब, चष्मा मी भरून देतो. डोकं गेलं असतं तर ते कुठं मिळालं असतं सांगा, तिथून आणलं असतं." मालक खिडकीकडे तोंड करून हसले. इंजिनिअरने महिन्याभरात नोकरी सोडली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

चहाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर वस्तादांचा दरबार भरे. मोईन त्यांच्या डाव्या बाजूला, मी टोकाला, मध्ये मोबाइल. जगात कुठे ना कुठे युद्ध चालूच असतं आणि त्याचे व्हिडिओ वस्तादांना कोण पाठवायचं कोण जाणे. वरून काढलेली इमारत, तिच्यावर एक बारीक फुली, मग धुराचा गोळा. ते तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत. माझ्या तोंडाजवळ आणून म्हणत, "ताई, हे ज्यानं केलं तो कुठं बसलाय सांगा."

"लांब कुठेतरी, कॉम्प्युटरसमोर."

"खुर्चीत?"

"हो."

"मधे चहा प्याला असंल?"

"असेल."

"ह्याला मारणं म्हणत नसतेत," ते म्हणत आणि बाकावर मूठ आपटत. कप उडत. "ज्याचा हात दुखत नाय त्यानं मारू नाय. जवळ जा. त्याचं तोंड बघ. मग हाण, हिंमत असली तर."

मोईन म्हणायचा, "वस्तादकू राष्ट्रसंघ में भेजो. सब के कान लाल करके आते."

"भेज. दोन्ही पुढाऱ्यांना लंगोटावर आखाड्यात सोडतो. लेकरं कशाला मारायची?"

त्यांच्या माहितीला शेंडाबुडखा नसायचा. उपग्रह ढग खातात असं ते छातीठोकपणे सांगत. दोन कट्टर शत्रू देशांचे प्रमुख एकमेकांचे साडू आहेत, हेही त्यांना कुठूनतरी कळलं होतं आणि ते मागे घ्यायला ते तयार नव्हते. मी मोबाइलवर शोधून दाखवलं तर म्हणाले, "तुमच्या मोबाइलवाल्याला बी त्यांनीच विकत घेतलंय." पण मारणाऱ्याचा हात दुखतो की नाही, ही त्यांची एक मोजणी पक्की होती आणि सरकार असो, कंपनी असो, ते सगळ्यांना त्याच मापाने मोजत. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने माणसं मेल पाठवून घरी बसवल्याची बातमी आली, तेव्हा ते दिवसभर धुमसत होते. "काढायचं तर काढ. पण समोर बसवून काढ. त्याचं रडं ऐक. मेल कसला पाठवतो रे, भेकडा."

जालना रोडच्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने एकदा त्यांचा बिनहेल्मेटचा फोटो काढला आणि दंडाचा मेसेज आला. वस्ताद रजा टाकून थेट वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात गेले. मोईन सोबत होता, त्यानेच मला नंतर सगळं करून दाखवलं. वस्ताद म्हणाले, पावती फाडणारा माणूस दाखवा. शिपाई म्हणाला, माणूस नाही, कॉम्प्युटरने केलंय. "मग त्याला भाईर बोलवा." टेबलावर असा हात आपटला की वरची काच तडकली. आतून एक थकलेले हवालदार आले. वस्तादांनी त्यांच्यासमोर दंड भरला, तडकलेल्या काचेचेही पैसे ठेवले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. पण कुणीतरी मला शिव्या द्या. असं गुपचूप नका मारू." हवालदारांनी आधी बघितलं की हा माणूस प्यालाय का. मग बहुधा सकाळपासूनचा सगळा राग त्यांना आठवला असावा. त्यांनी वस्तादांना आईबापासकट असं झोडपलं की बाहेर रांगेतली माणसं आत डोकावू लागली. वस्ताद हात जोडून ऐकत उभे होते. बाहेर पडल्या पडल्या त्यांनी हेल्मेट विकत घेतलं, आणि पुढे ते कधीही हेल्मेटशिवाय दिसले नाहीत.

मग म्हाताऱ्या मालकांनी कारखाना विकला. घेणारी कंपनी परदेशातली होती. भिंती रंगवल्या, संडास साफ झाले, बायकांसाठी वेगळी खोली झाली, आणि ते मला मनापासून आवडलं. दारावर चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. प्रेस शॉपमध्ये प्रत्येक मशीनवर कॅमेरा लागला आणि शॉपच्या टोकाला भिंतभर पडदा. पडद्यावर प्रत्येक प्रेसचा एक चौकोन. वेग बरा असला की हिरवा, कमी झाला की लाल. लाल चौकोनाच्या माणसाला संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं जाई, अगदी गोड शब्दांत.

याबरोबर वागणुकीचे नियम आले, मराठीत छापलेले. कामाच्या जागी कुणी कुणाला शिवीगाळ करणार नाही, अंगावर हात टाकणार नाही. धोका दिसला तर फोनमधल्या ॲपवर फोटो टाकून कळवायचं. मशीन थांबवायचा अधिकार आता कंट्रोल रूमचा. लाल बटण प्रत्येक प्रेसवर होतंच, पण ते दाबलं की कारण द्यावं लागे, आणि कारण पटलं नाही तर मेमो.

याच सुमारास वस्तादांनी नव्या भरतीतल्या एकाला मारलं. पट्टी बांधली होती, नेहमीसारखंच. पण या वेळी त्या माणसाच्या कानातून रक्त आलं. कानाचा पडदा फाटला होता. त्याने तक्रार केली, साक्षीला माझं नाव दिलं, आणि मी जे पाहिलं ते सांगितलं. मला आजही वाटतं की मी बरोबर केलं. कारखाना काही आखाडा नाही आणि फाटलेला कान कुणाच्या मायेने शिवला जात नाही. वस्ताद माझ्यावर रागावले नाहीत. त्या माणसाला ते स्वतः स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेत, कान बरा होईपर्यंत. पण त्यांना लेखी ताकीद मिळाली, आणि मग मशीन विनाकारण बंद केल्याचे दोन मेमो. तिसऱ्याला घरी जायचं होतं. रिटायर व्हायला फार काळ उरला नव्हता.

त्यानंतर ते हात पाठीमागे बांधून शॉपमध्ये फिरू लागले. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. पाहणाऱ्याला वाटावं, साहेब झाले.

तो दिवस मला हवा तेव्हा विसरता येत नाही, म्हणून एकदाचा लिहून टाकते.

मोईनचा चौकोन सकाळपासून लाल होता. त्याच्या बायकोला बरं नव्हतं, झोप झाली नव्हती, हात मंद चालत होता. आदल्या संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बोलावून झालं होतं. दुपारच्या जेवणानंतर मी मान वर करून पाहिलं तर चार नंबरचा चौकोन हिरवा झाला होता. प्रेसचा ठोका भरभर पडत होता. मोईनने पट्टी बांधली होती. इतकी वर्षं नव्या माणसांसाठी पाया आणणारा मोईन.

वस्ताद त्याच्यामागे जाऊन उभे राहिले. मी काचेतून बघत होते, त्यांचं बोलणं मला नंतर मोईनकडून कळलं. त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटला आणि वर गेला. मोईनने मान वळवून पाहिलं आणि हनुवटीने छताकडे खूण केली.

"वस्ताद, ऊपर कॅमेरा है," तो म्हणाला. "तुम्हारी नोकरी जाती. नक्को."

हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला.

"पट्टी काढ."

"हा लॉट हुआ के निकालता."

"मोईन्या, काढ म्हणतो."

"थोडाच रह्या, वस्ताद."

वस्तादांनी चष्मा लावला, खिशातून फोन काढला, पट्टीचा फोटो घेतला. जाड बोटांनी ॲपमध्ये काहीतरी टाइप केलं. फोनवर आपोआप उत्तर आलं असणार, तक्रार मिळाली, धन्यवाद, कारण ते फोनकडे बराच वेळ बघत होते. लाल बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. ते नियमाप्रमाणे वागले. वळले आणि लंगडत, जवळजवळ पळत, प्लांट हेडच्या काचेच्या केबिनकडे गेले. माझ्या टेबलावरून दोन्ही दिसत होतं, इकडे मोईन, तिकडे केबिन. साहेब कानाला यंत्र लावून परदेशातल्या वरिष्ठांशी व्हिडिओवर बोलत होते. वस्तादांनी काचेवर बोटांनी टकटक केलं. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवलं आणि पंजा उघडून दाखवला. पाच मिनिटं.

वस्ताद काचेबाहेर उभे राहिले.

ओरडणं ऐकू आलं तेव्हा आधी मला वाटलं पट्टा तुटला. मोईन ओरडत नव्हता, शेजारच्या प्रेसवरचा माणूस ओरडत होता. मोईन उभा होता, अगदी सरळ, आणि त्याचा उजवा हात साच्यात होता. घाबरून कुणीतरी लाल बटण दाबलं होतं आणि ठोकळा खालीच, त्याच्या हातावर थांबला होता. लोक इकडेतिकडे धावत होते. वस्ताद कुठून कसे आले मला दिसलं नाही. त्यांनी प्रेसच्या मोठ्या चाकात पहार घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकून चाक उलटं फिरवलं. गुडघ्यातून कटकन आवाज आला. ठोकळा वर सरकला. मोईन बसला. वस्तादांनी अंगातला शर्ट फाडून त्याच्या हाताला गुंडाळला आणि त्याला कडेवर घ्यावं तसं उचललं. मी गाडीचं दार उघडलं. मोईन शुद्धीवर होता आणि पूर्ण वेळ वस्तादांकडे बघत होता.

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेल्यावर वस्ताद कुणाला न सांगता रिक्षा करून कारखान्यात परत आले. मी मागोमाग पोचले. शॉपमध्ये माणसं घोळक्याने उभी होती. चार नंबरची प्रेस बंद होती, साचा अजून पुसलेला नव्हता, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिचा चौकोन लाल होऊन उघडझाप करत होता. खाली लिहिलेलं होतं, वेग कमी. वस्तादांनी घण उचलला. उघड्या अंगावर मोईनचं रक्त वाळलेलं होतं. पहिल्या घावाला पडदा फुटला, दुसऱ्याला भिंतीतून सुटला. खाली पडल्यावरही ते मारत राहिले, तारा, चौकट, काचेचा चुरा, सगळ्यावर, आणि ते थकेपर्यंत कुणी पुढे झालं नाही. सुरक्षारक्षकसुद्धा नाही. मग ते घण टाकून खाली बसले आणि स्वतःचा तळहात बघू लागले. काचेने सोलला होता.

मोईनच्या उजव्या हाताचा अंगठा वाचला आणि करंगळी. मी भेटायला गेले तेव्हा वस्ताद खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेले. मी संत्री ठेवली. मोईन माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, इनकू समझाव. गलती मेरी है. मैंच दिखाया ना कॅमेरा."

वस्ताद म्हणाले, "दाखवला तर दाखवला. मी का बघितला?"

चौकशीला मी होते, सुरक्षा समितीवर माझं नाव होतं म्हणून. टेबलाच्या टोकाला लॅपटॉपवर परदेशातले अधिकारी, इकडे प्लांट हेड आणि वकील. कॅमेऱ्यात मोईन पट्टी बांधताना स्पष्ट दिसत होता. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये त्याला काय सांगितलं गेलं, तिथे कॅमेरा नव्हता. वकिलांनी वस्तादांना फार नीट समजावलं. तुम्ही सांगा की कामगाराने मनाने केलं, तुमच्या नजरेआड केलं. पडद्याचं आम्ही बघून घेऊ, सन्मानाने निवृत्ती देऊ. प्लांट हेड मान हलवत होते.

"नजरेआड कसं?" वस्ताद म्हणाले. "मी मागं उभा होतो. मला दिसलं. ह्या साहेबांना सांगायला गेलो, साहेबांनी पंजा दाखवला."

"मी दुसऱ्या कॉलवर होतो," प्लांट हेड म्हणाले. "कशाबद्दल आहे हे मला कळणार कसं?"

"व्हय. काचेतून कसं कळंल." वस्ताद उठले. वकील खुर्ची मागे सरकवून बसले. पण वस्ताद प्लांट हेडकडे गेलेच नाहीत. ते लॅपटॉपसमोर जाऊन वाकले, त्या दूरच्या चेहऱ्यांच्या अगदी जवळ, आणि मला म्हणाले, "ताई, ह्यांना इंग्रजीतून सांगा. मी आयुष्यभर नियम मोडले, माझ्या शॉपमधी कुणाचा हात गेला नाय. एकदा पाळला. माझी चूक तेवढीच लिहा."

मी सांगितलं. पलीकडचे एक गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले की आम्हाला झाल्या प्रकाराचं अतिशय वाईट वाटतं. मी ते मराठीत केलं. वस्तादांनी विचारलं, "कुठं वाटतंय?" त्याचं भाषांतर मी केलं नाही.

त्यांनी चूक कबूल केली, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. तोडफोडीसाठी त्यांना काढलं आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. मोईनला कायद्याने जेवढं द्यावं लागतं तेवढं मिळालं. तो आता शहागंजात मेव्हण्याच्या कापडाच्या दुकानात बसतो, डाव्या हाताने कापड मोजतो. प्रेसवर नवी बटणं आली, बांधता न येणारी. ती आधी का आली नाहीत, हे मी एका बैठकीत विचारलं, तर सगळे माझ्याकडे आदराने बघत राहिले.

गेल्या हिवाळ्यात कन्नडला एका लग्नाला गेले होते. येताना देवगाव रंगारीला गाडी वळवली. वस्ताद शेतातच होते. वाळले होते, मान खांद्यातून थोडी वर आल्यासारखी दिसत होती. गुडघा आता पूर्णच गेलेला. त्यांनी बाज टाकली, सुनेला चहाचं सांगितलं, मोईनची चौकशी केली. मी मुद्दाम त्यांना चिथवायला म्हणून नव्या युद्धाचं विचारलं. म्हटलं, बघितलं का, आता तर माणूसच लागत नाही म्हणे, यंत्रच ठरवतं कुणाला मारायचं.

"असंल," ते म्हणाले. "मी आता काय बघत नाय, ताई. काय बोलत बी नाय कुणाला."

मला वाईट वाटलं. खरं तर रागच आला. या माणसाने गप्प बसावं हे मला सहन होईना, आणि त्यांना ताकीद मिळाली त्यात माझीही साक्ष होती हेही डोक्यात होतंच.

गोठ्यापलीकडे त्यांचे थोरले भाऊ, दादा, कडबा कापायच्या यंत्रावर होते. सत्तरीचे असतील, पांढरी टोपी, घरातले कर्ते. वस्तादांनी बोलता बोलता सांगितलं होतं की बाप गेल्यावर दादांनीच त्यांना वाढवलं, तालमीचा खुराक पुरवला. चाक फिरत होतं, पाती सपसप चालत होती आणि दादा पेंढी आत सरकवत होते. मध्येच कडबा अडकला. दादांनी यंत्र बंद केलं नाही. बाही वर केली आणि हाताने आत रेटू लागले, मनगटापर्यंत.

वस्ताद बाजेवरून उठल्याचं मला कळलंच नाही. त्या मोडक्या गुडघ्याने ते अंतर कसं कापलं देव जाणे. त्यांनी दादांना मानेला धरून मागे ओढलं आणि कानाखाली मारली. टोपी उडून कडब्यात पडली. सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभीच राहिली. गोठ्याशी पाणी पाजणारा गडी तोंड फिरवून निघून गेला. धाकट्याने थोरल्यावर, तेही पाहुण्यासमोर, हात टाकलेला कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

वस्तादांनी यंत्राचं बटण बंद केलं. चाक हळूहळू थांबलं. मग त्यांनी दादांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, कडब्याचा भुसा फुंकरीने उडवला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. हात सोडला आणि तसेच खाली बसून दादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

दादांच्या गालावर बोटं उठली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ रंग्या. हाय बघ हात. जागेवर हाय."

वस्ताद उठले नाहीत.